पाचाडचा वाडा, फंडाचा बंगला

रायगडाच्या पायथ्याशी पाचाड गावात एका जुन्या वाड्याचे तट आणि जोती अजून बघायला मिळतात. शिवाजी महाराजांनी हा वाडा जिजाऊंसाठी बांधला. वर गडावर राजवाडा, दरबार, बाजारपेठ सगळं असताना राजमाता खाली राहत होत्या. उतारवयात त्यांना गडावरची थंडी आणि वारा मानवत नव्हता, असं सांगतात. ज्यांनी आषाढात रायगडाचा माथा पाहिला आहे त्यांना हे पटायला वेळ लागणार नाही. सुमारे ८२० मीटर उंचीवर चार महिने ढग, ओल आणि घोंगावणारा वारा असतो. पाचाडचा वाडा मात्र सपाटीवर आहे. आवारात पाण्याच्या विहिरी आहेत आणि त्यांतल्या एकीच्या काठाशी टेकून बसायला दगडी तक्क्या आहे, म्हणून तिला तक्क्याची विहीर म्हणतात. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला आणि अकरा दिवसांनी, १७ जूनला, जिजाऊ पाचाडलाच वारल्या. त्यांची समाधीही तिथेच आहे.

शाळेच्या पुस्तकात हा वाडा मातृभक्तीची खूण म्हणून येतो. मला त्यात म्हातारपणी कुठे राहावं याचा व्यवहारही दिसतो. मानाची जागा वर होती आणि सोयीची खाली. घर बांधलं सोयीच्या जागी. पाणी हाताशी, चढ नाही, माणसांची ये-जा समोरून.

रायगडाच्या परिसरातले महाड आणि पोलादपूर हे दोन्ही तालुके मुंबईला माणसं पुरवणारे. गिरण्या, गोदी, महापालिका, बेस्ट, नंतर खासगी कंपन्या. गावाकडे भाताची एक पिकाची शेती, वरकस जमिनीत नाचणी-वरी, आणि घरटी एक तरी माणूस मुंबईला. तिथे गावकीच्या खोलीत दाटीवाटीने राहायचं, महिन्याला मनीऑर्डर पाठवायची, शिमग्याला आणि गौरी-गणपतीला घरी यायचं. या चाकरमान्याला निवृत्तीनंतर काय करणार असं विचारलं तर त्याचं उत्तर नोकरीच्या पहिल्या वर्षापासून तयार असतं, ‘गावाला जाणार, घर बांधणार.’ पण हे नियोजन नाही, ही ओढ आहे. ती खोटी नाही, पण तिच्या भरवशावर आयुष्यभराचा फंड एका स्लॅबमध्ये ओतला जातो.

कुठल्याही वाडीत गेलात तर हे घर दिसतं. दोन मजले, पुढे ग्रिलचा व्हरांडा, रंगीत टाइल्स. स्लॅब पावसात गळतो म्हणून दोन-तीन वर्षांत त्यावर पत्र्याची शेड चढते. मुलं मुंबई-ठाण्यात, बदलापूरला, पुण्याला. वरचा मजला गणपतीचे पाच दिवस आणि मे महिन्यातला एखादा आठवडा उघडतो. बाकी वर्षभर दोन म्हातारी माणसं खालच्या दोन खोल्यांत असतात आणि ज्या पैशातून त्यांना दरमहा काही मिळालं असतं तो पैसा डोक्यावर रिकामा उभा असतो. गावाकडचं असं घर विकायला काढलं तर गिऱ्हाईक मिळत नाही आणि भाड्याने द्यायला भाडेकरू नसतो. घर बांधू नये असं मी म्हणत नाही. दोन माणसांचं, एका मजल्याचं, आत संडास-बाथरूम असलेलं आणि उंबऱ्याला पायरी नसलेलं घर बांधावं, आणि उरलेली रक्कम मोडू नये.

ती रक्कम किती लागते याचा हिशोब खासगी नोकरीतल्या माणसाने पन्नाशीतच करायला हवा, कारण त्याची खरी पेन्शन त्याला वाटते त्यापेक्षा फार लहान असते. पीएफसोबत जी पेन्शन मिळते ती १९९५च्या योजनेतली. तिचं सूत्र सोपं आहे. पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पण हा पगार सध्या १५,००० रुपयांच्या वर धरला जात नाही, तुमच्या हातात चाळीस हजार पडत असले तरी. तीस वर्षं नोकरी झाली तर १५,००० गुणिले ३०, भागिले ७०, म्हणजे साधारण ६,४०० रुपये. वीस वर्षांहून जास्त नोकरी असेल तर दोन वर्षं वाढवून धरतात, म्हणून आकडा थोडा वर सरकतो. उलट २०१४ पूर्वी ही मर्यादा ६,५०० होती आणि त्या काळातली वर्षं त्या मर्यादेने मोजली जातात, म्हणून तो पुन्हा खाली येतो. किमान पेन्शन १,००० रुपये आहे. या पेन्शनला महागाई भत्ता नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी जो आकडा बसला तो पंच्याहत्तराव्या वर्षीही तोच.

महागाईचं गणित मात्र थांबत नाही. किमती वर्षाला सहा टक्क्यांनी वाढल्या तर बारा वर्षांत दुप्पट होतात. साठाव्या वर्षी गावात दोघांचं वीस हजारांत भागत असेल तर बहात्तराव्या वर्षी चाळीस लागतील, आणि त्या वयात औषधांचा खर्च नव्याने सुरू झालेला असेल. गावात खर्च कमी असतो ही समजूत अर्धीच खरी आहे. भाडं नाही, भाजी परसातली, हे बरोबर. पण गावकीची वर्गणी, देवळाच्या जीर्णोद्धाराची पट्टी, सप्ताहाची पंगत, लग्नकार्याचा आहेर, पावसाळ्यापूर्वीची घराची डागडुजी आणि प्रत्येक दवाखान्याच्या फेरीला रिक्षा किंवा गाडी हे सगळं मुंबईच्या हिशोबात नव्हतं. मुंबईहून आलेल्या माणसाकडून पट्टीही जरा जास्तच अपेक्षित असते.

एकरकमी पैसा येतो तो ग्रॅच्युइटीतून आणि पीएफमधून. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटच्या मूळ पगार-भत्त्याचे पंधरा दिवस, नोकरीच्या प्रत्येक वर्षासाठी, आणि महिना सव्वीस दिवसांचा धरून. पंचवीस हजार पगार आणि तीस वर्षं नोकरी असेल तर सव्वाचार लाखांच्या थोडं वर. पीएफ त्याहून मोठा, पण मुलीचं लग्न, मुलाच्या खोलीची आगाऊ रक्कम असं म्हणत अधूनमधून काढलेला नसेल तरच. हा पैसा हातात आला की आधी त्याचा दरमहा येणारा प्रवाह करावा, मग घराकडे बघावं. टपाल कार्यालयातली किंवा बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीनंतर घेता येते. तिच्यात तीस लाखांपर्यंत ठेवता येतात, मुदत पाच वर्षं आणि व्याज दर तिमाहीला खात्यात. आठ टक्क्यांचा दर धरला तर वीस लाखांवर तिमाहीला चाळीस हजार. नव्या ठेवींचा दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, पण ठेव ठेवताना जो दर असेल तो पाच वर्षं टिकतो. गावातल्या पतपेढीत नातलग संचालक आहे म्हणून दोन टक्के जास्तीच्या मोहाने सगळी पुंजी तिथे नेणारे लोक मला समजतात, पण पटत नाहीत.

ज्यांना असं काहीच करता आलं नाही अशी एक अख्खी पिढी या तालुक्यांत होऊन गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप रीतसर मिटलाच नाही. चाळिशी-पन्नाशीतले कामगार गावी परतले ते निवृत्त होऊन नव्हे, काम जाऊन. आजची पेन्शन योजना तेव्हा नव्हती, अनेकांची देणी वर्षानुवर्षं अडकली. त्यांना वाचवलं ते गावात घर शाबूत होतं, बायकोने शेत कसलेलं होतं, भावकी दारात होती, यानेच. म्हणून त्यांच्या मुलांच्या मनात घर म्हणजेच सुरक्षा हे पक्कं बसलं. त्या काळाला ते बरोबर होतं. आज शेताच्या बाजूने बघितलं तर वानरं आणि रानडुकरं काही ठेवत नाहीत म्हणून कितीतरी खाचरं पड आहेत. घर आहे, पण ज्याच्या जोरावर ते घर चालायचं ते शेत नाही.

आता जागेचं. इथे तर जागेवर जीव अवलंबून असतो. सह्याद्रीच्या या उतारांवर कातळाच्या वर माती आणि मुरुमाचा जाड थर आहे. मुसळधार पाऊस लागून राहिला की पाणी त्या थरात मुरतं, त्याचं वजन वाढतं आणि कातळाशी असलेली पकड सुटते. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडी आल्या. २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तेच पाणी सावित्रीतून खाली येतं, तिला महाडजवळ काळ आणि गांधारी मिळतात आणि खाली बाणकोटच्या खाडीत भरती असेल तर पाण्याला बाहेर जायला वाट नसते. तेव्हा महाडची बाजारपेठ पाण्याखाली जाते.

म्हणजे वर दरड आणि खाली पूर. मधली जागा शोधावी लागते. वडिलोपार्जित जागा आहे एवढ्यावर तिथे घर बांधू नये. उताराचा पायथा कापून जोतं काढलं असेल, मागच्या डोंगरात भेगा दिसत असतील, झाडं कललेली असतील, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होऊ लागलं असेल तर त्या जागेला तुळशीवृंदावनाची सोबत पुरणार नाही. महाडला शहरात खोली घ्यायची असेल तर २०२१ला पाणी कुठवर आलं होतं ते शेजारच्या दुकानदाराला विचारावं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

दवाखान्याचं अंतरही किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही. महाड आणि पोलादपूरला ग्रामीण रुग्णालयं आहेत, महाडला खासगी डॉक्टर पुष्कळ. पण हृदयाची किंवा मेंदूची मोठी गोष्ट झाली की पनवेल, मुंबई किंवा पुणे. पुण्याला नेणारा वरंध घाट आणि महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी घाट पावसाळ्यात दरडींमुळे बंद पडतात. उरतो तो मुंबई-गोवा महामार्ग. वाडी महामार्गापासून आत दहा-बारा किलोमीटर असेल तर रात्री दोन वाजता गाडी कोणाची, हा प्रश्न निवृत्तीच्या नियोजनातला पहिल्या पाचांत हवा. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४पासून उत्पन्न न बघता आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यात येत नाहीत. एसटीचं पासष्टनंतर अर्धं तिकीट आणि पंच्याहत्तरीनंतर फुकट प्रवास, ही मात्र या भागात खरी मोठी सवलत आहे. महिन्यातून एकदा तपासणीला महाडला जाणं त्यामुळे टळत नाही.

या सगळ्याची परीक्षा एकाच गोष्टीने होते. निवृत्तीच्या दोन-तीन वर्षं आधी रजा साठवून जून ते ऑगस्ट गावी राहून बघावं. मे महिन्यातलं आणि गणपतीतलं गाव हे गाव नव्हे, ती यात्रा आहे. आषाढात वीज चार दिवस जाते, मोबाईलला रेंज नसते, कपडे वाळत नाहीत आणि वाडीत उघडी घरं मोजकीच असतात. ते दिवस ज्याला आणि जिला सोसले त्यांनी गावाला यावं. नाही सोसले तर महाडला किंवा माणगावला भाड्याची खोली घेऊन गावी ये-जा करण्यात कमीपणा नाही.

आणि ‘जिला’ म्हटलं ते मुद्दाम. गावी परतण्याचा निर्णय बहुधा नवरा घेतो, राबते बायको. मुंबईत तिच्या कामाला नळ, गॅस, शेजारीण आणि भाजीवाला यांची साथ होती. गावी घर मोठं, पाहुणे जास्त. नवऱ्याची निवृत्ती ती तिची नव्हे. शिवाय बायका साधारणपणे जास्त जगतात आणि नवऱ्यापेक्षा वयाने लहान असतात, म्हणून शेवटची काही वर्षं ती एकटी असणार हे धरूनच चालावं. १९९५च्या योजनेत विधवेला नवऱ्याच्या पेन्शनच्या निम्मी मिळते. सहा हजारांचे तीन. त्यावर ती त्या दोन मजल्यांचं काय करणार? ठेवी दोघांच्या नावे, घराच्या असेसमेंटला तिचं नाव, बँकेचं कार्ड तिला वापरता येतं, हयातीचा दाखला कुठे द्यायचा तिला माहीत आहे, एवढं नवरा जिवंत असतानाच व्हायला हवं.

कागदांचा विषय निघालाच आहे तर सातबारा. कोकणातल्या सातबाऱ्यावर पणजोबांपासूनची नावं साठलेली असतात, वारसनोंदी राहिलेल्या असतात, एका गुंठ्याला वीस हिस्सेदार. सामाईक जमिनीत बांधलेल्या घरावर वाद झाला तर तो नातवांपर्यंत चालतो. नोंदी करून घ्यायला तलाठी आणि तहसील कार्यालयाच्या फेऱ्या लागतात, बहिणींच्या सह्या लागतात, आणि सह्या करणारी माणसं जिवंत असेपर्यंतच हे सोपं असतं. दुसरी घाई उलट दिशेची, सगळं आत्ताच मुलाच्या नावावर करून टाकण्याची. मुलाला राहतं घर बक्षीसपत्राने द्यायला मुद्रांक शुल्क नाममात्र आहे म्हणून लोक पटकन करतात. करायचंच असेल तर ‘आई-वडिलांचा सांभाळ करील’ ही अट बक्षीसपत्रात लिहून घ्यावी. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अशी अट मोडली तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. मृत्युपत्र त्याहून बरं. साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर करता येतं आणि हयातीत कधीही बदलता येतं.

पैसा, जागा, कागद एवढं जमलं तरी सकाळी उठून काय करायचं हे उरतं. या बाबतीत महाड तालुक्याकडे एक असं उदाहरण आहे की त्यापुढे आजचे ‘सेकंड इनिंग’चे कार्यक्रम फिके पडावेत. गोपाळबाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावढळचे. लष्करात हवालदार होते. १८८६ला पेन्शन घेतली आणि त्यांच्या आयुष्याचं मुख्य काम त्यानंतर सुरू झालं. १८८८ला त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली. तिच्यात अस्पृश्यतेबद्दल प्रश्नांमागून प्रश्न विचारले होते. वर्तमानपत्रांत लिहिलं, अनार्य दोषपरिहारक मंडळी उभी केली, लष्करातली महारांची भरती बंद झाल्यावर तिच्याविरुद्ध अर्ज तयार केला. १८९५ला महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा सवर्ण सभासदांना ते रुचलं नाही. १९००ला ते गेले. लष्करात मिळालेली अक्षरओळख आणि घरी बसल्या येणारी पेन्शन या दोन्हींच्या जोरावर ते कुणाच्या उपकाराखाली नव्हते, म्हणून बोलू शकले. दापोली-महाडच्या पट्ट्यात अशा लष्करी पेन्शनरांची वस्तीच होती. मार्च १९२७ला महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी या लष्करी माणसांमुळे इथे आलेल्या जागृतीची आठवण काढली आणि दुसऱ्या दिवशी लोक चवदार तळ्याकडे निघाले.

याच तालुक्यातल्या, रायगडाजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख हे दुसरं टोक. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग अर्थमंत्री. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर १९५६ला, साठीत असताना, राजीनामा दिला आणि त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोग, दिल्ली विद्यापीठाचं कुलगुरूपद अशी कामं केली. एवढं मोठं मैदान सगळ्यांना मिळत नाही. पण दोघांतही एक गोष्ट दिसते. निवृत्तीनंतर त्यांनी नवा छंद शोधला नाही, आधीच्या नोकरीने जे शिकवलं होतं ते दुसऱ्या कामाला लावलं.

गावाला तेच हवं असतं. कंपनीत स्टोअर सांभाळलेला माणूस गावकीच्या देवस्थानाचा हिशोब नीट ठेवू शकतो. बेस्टमधला मेकॅनिक पाणी योजनेचा पंप चालू ठेवू शकतो. कारकून वाडीतल्या दहा म्हाताऱ्यांचे अर्ज आणि हयातीचे दाखले भरून देऊ शकतो. वारकरी घराण्यांच्या या भागात सप्ताह, पारायण, भजन यांत जागा आपोआप मिळते आणि माणसाचा दिवस भरतो. फक्त एक सांभाळावं लागतं. तीस वर्षं मुंबईत काढून आलेला माणूस पहिल्याच बैठकीत गाव सुधारायला निघाला तर गाव त्याला हळूच बाजूला ठेवतं. म्हणून मुंबईच्या ग्रामस्थ मंडळात आधीपासून राबलेला माणूस गावात लवकर रुजतो. त्याची ओळख परतण्यापूर्वीच झालेली असते.

तरुण वयात निवृत्त होण्याचा सराव महाड तालुक्यातल्या एका गावाला सर्वांत जास्त. फौजी आंबवडे. घरोघरी लष्करातली माणसं, म्हणून नावातच फौजी. जवान पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून चाळिशीच्या आत पेन्शनवर येतो, म्हणजे पुढची तीस-चाळीस वर्षं त्याला दुसरं काहीतरी करायचंच असतं. पेन्शन हा पाया आणि वर दुसरी नोकरी, शेती किंवा धंदा, ही त्याची घडी. २०२२ला अग्निपथ योजना आली आणि ही घडी बदलली. भरती साडेसतराव्या वर्षापासून, नोकरी चार वर्षं, शंभरातल्या पंचवीस जणांपर्यंतच पुढे कायम, बाकीच्यांना पेन्शन नाही. हातात येते ती सेवानिधीची सुमारे पावणेबारा लाखांची एकरकमी करमुक्त रक्कम. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६च्या अखेरीस आणि २०२७च्या सुरुवातीला भरतात. बाविशी-पंचविशीतली ही पोरं पैसे घेऊन गावी येतील तेव्हा घरात पहिला विषय निघेल तो स्लॅबचा. बापाला पेन्शन होती म्हणून त्याचा स्लॅब पेलला. पोराने ते पैसे आधी शिकण्याला, परवान्याला किंवा धंद्याच्या भांडवलाला लावावेत आणि जुन्या घराची कौलं आणखी काही पावसाळे चाळून घ्यावीत.